बक ओ'नील यांच्याविषयीच्या संदेशाबाबत खुलासा

अमेरिकी बेसबॉलपटू बक ओ'नील यांच्या आठवणी जागवणाऱ्या एका संदेशात ते मेजर लीग बेसबॉलमधील (अमेरिकेतील सर्वोच्च बेसबॉल स्पर्धेतील) पहिले कृष्णवर्णीय व्यवस्थापक, म्हणजे संघाचे मुख्य प्रशिक्षक, होते आणि हयातीतच त्यांना बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये (दिग्गजांच्या सन्मानयादीत) स्थान मिळाले, असे म्हटले आहे. हे दोन्ही दावे चुकीचे आहेत. १९६२ साली शिकागो कब्ज संघाने नेमलेले ओ'नील हे मेजर लीगमधील पहिले कृष्णवर्णीय प्रशिक्षक, म्हणजे व्यवस्थापकाच्या हाताखालचे साहाय्यक, होते. व्यवस्थापकपदाचा मान १९७५ मध्ये क्लीव्हलंड संघाच्या फ्रँक रॉबिन्सन यांना मिळाला. ओ'नील यांनी व्यवस्थापक म्हणून सांभाळला तो निग्रो लीगमधील, म्हणजे वर्णभेदाच्या काळात कृष्णवर्णीय खेळाडूंसाठी असलेल्या वेगळ्या लीगमधील, कॅन्सस सिटी मोनार्क्स संघ.

हॉल ऑफ फेमच्या नोंदींनुसार त्यांची निवड डिसेंबर २०२१ मध्ये झाली, तर निधन ६ ऑक्टोबर २००६ रोजीच झाले होते. २००६ मध्येच, त्यांच्या निधनाआधी, निग्रो लीगच्या परंपरेतील १७ दिवंगतांची हॉल ऑफ फेमसाठी निवड झाली आणि ओ'नील वगळले गेले. तरीही हॉल ऑफ फेम जिथे आहे त्या कूपरस्टाउनच्या सोहळ्यात त्या सर्वांच्या वतीने तेच बोलले. हयातीत सन्मान मिळाल्याचे लिहिल्याने त्यांच्या मनाचा हा मोठेपणाच झाकला जातो. कृपया तो संदेश पुढे पाठवू नये आणि पाठवला असल्यास त्याच ठिकाणी ही दुरुस्ती द्यावी.