लाळेची तपासणी अजून का नको: एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई,

तोंडाच्या कॅन्सरसाठी लाळेच्या तपासणीवर इतक्यात विसंबू नका, असं मी लिहिलं. त्यावर तुम्ही रागावून विचारलंत, की विडी घरकुल वसाहतीतल्या तुमच्या मावशी बायोप्सीच्या (तपासणीसाठी तोंडातला छोटा तुकडा काढण्याच्या) धास्तीनं दवाखान्याची पायरी चढत नाहीत. नुसतं डबीत थुंकायचं असतं तर त्या आल्या असत्या. मग एका डेंटिस्टनंच ही वाट का बंद करावी?

धास्तीचं तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं. माझ्याकडेही बायका तोंड जेमतेम दोन बोटं उघडायला लागल्यावर येतात. तरी मी मतावर ठाम आहे.

२००४ साली लॉस एंजेलिसमध्ये डेव्हिड वाँग यांच्या गटानं लाळेतल्या आरएनएवरून (पेशीतल्या जनुकांच्या निरोपांवरून) ३२ रुग्ण आणि ३२ निरोगी माणसं वेगळी ओळखून दाखवली. संवेदनशीलता, म्हणजे खऱ्या रुग्णांपैकी किती पकडले गेले ते, ९१ टक्के, आकडा मोहात पाडणाराच! पण लाळेत ज्या खुणा शोधतात त्यातलं एक ठळक प्रथिन म्हणजे इंटरल्युकिन-८, आणि ते हिरड्या सुजल्या तरी वाढतं. वर्षानुवर्षं मशेरी लावून हिरड्या खराब झालेल्या बाईच्या लाळेत ते वाढलेलं दिसलं, तर आपण काय समजायचं?

हिशोबच मांडू. समजा दहा हजार जण तपासले, त्यात वीस जणांना कॅन्सर आहे आणि तपासणी आजारी आणि निरोगी दोघांनाही ओळखण्यात ९० टक्के अचूक आहे. अठरा सापडतील, दोन निसटतील आणि ९९८ धडधाकट माणसं 'कॅन्सर असेल' या घोरात पडतील. ज्या बायोप्सीला मावशी भितात, तिच्याच रांगेत या सगळ्यांना उभं राहावं लागेल. मला जास्त काळजी त्या निसटलेल्या दोघांची वाटते. हातात 'निगेटिव्ह' कागद आला की गालातला चट्टा कुणी दाखवायला येत नाही.

उपचारानंतर लक्ष ठेवायला मात्र लाळ खरंच उपयोगी पडेल, असं मला वाटतं. तिथं रुग्णाच्या गाठीतला जनुकीय बिघाड आधीच माहीत असतो, शोधायचा तेवढाच. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या २०१५ च्या अभ्यासात तोंडाच्या कॅन्सरच्या सगळ्या रुग्णांच्या लाळेत गाठीचा डीएनए सापडला होता. अर्थात रेडिएशननंतर तोंड कोरडं पडतं, लाळ गोळा करणंच अवघड होतं.

आणि सुईशिवायची तपासणी आजही आहे: उजेडात तोंड नीट बघणं. तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून आरोग्य कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन एवढंच केलं. तंबाखू-दारू घेणाऱ्यांमधले तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशानं घटले.

मावशींना सिव्हिल हॉस्पिटलच्या दंत विभागात न्या, नाहीतर जवळच्या कुठल्याही डेंटिस्टकडे. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, तिखट सोसत नसणं, यातलं काही असेल तर आधी सांगा. संशय आला तरच तुकडा काढतात, तोही भूल देऊन. त्यानं कॅन्सर पसरत नाही, हे त्यांना तुमच्या तोंडून कळू द्या. माझ्यापेक्षा तुमचं ऐकतील.