टेन्टमध्ये राहायला निघालात? स्पीकर चार्ज केलात ना?

थंडी पडली की वाशीपासून खारघरपर्यंतच्या प्रत्येक सोसायटीच्या ग्रुपवर एक फोटो फिरायला लागतो. पाण्याच्या काठी रांगेत लावलेले निळे-केशरी तंबू, मागे बुडणारा सूर्य, आणि खाली 'या वीकेंडला कोण कोण?' घरात तो फोटो सगळ्यांनी बघितला की लोणावळ्याजवळच्या पवनेला जायचं ठरतं. पहिल्यांदाच निघालेल्या अशा कुटुंबांना अनुभवाचे चार शब्द कोणी सांगत नाही. म्हणून मी सांगतो. मी नुकतीच तिथे सहकुटुंब एक रात्र काढली (काढली म्हणतोय, झोपलो म्हणत नाही) आणि शेजारच्या तंबूतल्या मंडळींकडून पुष्कळ शिकून आलो.

सुरुवात निघण्याच्या वेळेपासून. शनिवारी सकाळी सहाला निघणारी माणसं हौशी नसतात, घाबरट असतात. तुम्ही निवांत पोहे खा, गाडी धुऊन घ्या आणि साडेअकराच्या सुमारास कळंबोलीहून एक्स्प्रेसवेला लागा. त्याच वेळी अख्खी मुंबईही लागते, त्यामुळे बोरघाटात सोबत असते. मग लोणावळ्यात चिक्की घ्या, कारण ती नेरुळला मिळतच नाही. दुधिवरे खिंड ओलांडून खाली उतरेपर्यंत छान अंधार पडतो, आणि तंबू अंधारातच लावायचा असतो.

स्वतःचा तंबू नेणार असाल तर तो आधी घरी अजिबात लावून बघू नका. गच्चीवर लावायचा म्हणजे सेक्रेटरींना अर्ज आला, आणि हॉलमध्ये लावायचा म्हणजे सोफा सरकवणं आलं. त्यापेक्षा पिशवीत खुंट्या किती आहेत, दोऱ्या कुठे बांधायच्या, वरच्या कापडाची पुढची बाजू कोणती, हे सगळं रात्री आठ वाजता, मोबाईलच्या उजेडात, बायकोच्या आणि सासऱ्यांच्या देखत शोधा. संसारात अशा संधी कमी येतात. खुंटी ठोकताना ती सरळ उभी ठोका. तंबूकडे पाठ करून तिरकी ठोकली तर ती वाऱ्यात टिकते, आणि मग रात्री उठायला कारण उरत नाही.

तंबूवर 'चार माणसांसाठी' असं लिहिलेलं असतं तिकडे लक्ष देऊ नका, पनवेल लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौथी सीट असतेच की. त्या चार माणसांत बॅगा, बूट, कूस बदलणारी मुलं आणि घोरणारे काका धरलेले नसतात, हे दुकानदारही सांगत नाही, मग मी का सांगू?

जागा निवडताना पाण्याच्या जितकं जवळ आणि जितकं खोलगट तितकं उत्तम. थंड हवा आणि दव तिथेच साचतं, फोटोही तिथेच चांगले येतात.

खाली अंथरायची ताडपत्री तंबूपेक्षा मोठी घ्या आणि चारही बाजूंनी ऐसपैस बाहेर काढून ठेवा, म्हणजे वरून ओघळलेलं पाणी इकडेतिकडे न जाता थेट तुमच्या पाठीखाली येईल.

झोपताना अंगावर तीन ब्लँकेटं घ्या, अंगाखाली काही नको. जमीन अंगातली ऊब खेचून घेते वगैरे सगळ्या अफवा आहेत. आणि सगळ्या चेन गच्च लावून घ्या, जाळीची छोटी खिडकीसुद्धा. चार माणसांचा रात्रभराचा श्वास आतच राहिला पाहिजे. पहाटे तो गार कापडाला लागून थेंब होऊन कपाळावर टपकू लागला की 'तंबू गळका निघाला' म्हणून एक स्टार देता येतो.

उरलेलं चिकन तंबूच्या दाराशीच टाका. आधी उंदीर येतील, मग उंदरांच्या मागे जे यायचं ते येईल.

सकाळी बूट न झटकता पाय घाला.

एका बाबतीत मात्र थट्टा नाही. थंडी वाजते म्हणून जळत्या कोळशाची शेगडी तंबूत घेऊ नका, विझत आलेलीही नाही, दोन मिनिटांसाठीही नाही. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना वास असतो ना रंग. झोपलेल्या माणसाला तो कळतही नाही आणि माणूस उठत नाही. आमच्या रांगेत एका गृहस्थांनी शेगडी आत नेली होती. त्यांच्याच मेव्हण्याने ती लाथेने बाहेर काढली म्हणून बरं. तर ते असो.

आता मुख्य सामान. स्पीकर. इतर गोष्टी विसरलात तरी चालतील. टॉर्च विसरा, औषधं विसरा, आजीची शाल विसरा, पण स्पीकर नाही. तोसुद्धा हातात मावणारा नको, चाकांचा हवा, ज्याला ओढायला दांडा असतो आणि ज्यातून रंगीत दिवे फिरतात. पवनेच्या काठी रात्र म्हणजे काय असतं? रातकिडे, पाण्याचा आवाज, लांब कुठे कुत्रं. म्हणजे काहीच नाही. एवढे पैसे भरून काहीच नाही ऐकायला कोण येतं? म्हणून तो रांगेच्या बरोबर मधोमध ठेवा, तोंड दुसऱ्यांच्या तंबूंकडे करा आणि सात वाजता सुरू करा. गाण्यांची यादी छोटी असू द्या, म्हणजे तीच गाणी पुन्हा लागतात आणि शेजाऱ्यांची पाठ होतात. तंबूच्या कापडाने आवाज अडत नाही ही निसर्गाची केवढी सोय आहे. आमचा तंबू चार फुटांवर होता. बेस वाजला की खुंटीला बांधलेली दोरी हलायची, मी हात लावून बघितलं.

दहा वाजता मी गेलो. म्हटलं, "दादा, जरा आवाज कमी करता का? लहान मुलं झोपलीयत."

"अहो, कॅम्पिंगला आलाय ना काका? झोपायला घर आहे की!"

हे लक्षात ठेवा, फार उपयोगी उत्तर आहे. कोणीही, केव्हाही आलं तरी चालतं. अकराला दुसऱ्या तंबूतल्या बाई गेल्या, तेव्हाही हेच चाललं. दीड वाजता माझी आई उठून गेली. सत्तरी उलटलेली बाई, स्वेटरवर शाल, हातात काठी. "बाळांनो, आता झोपा रे," म्हणाली. तर एकाने तिचा हात धरून तिला नाचायला ओढलं, आणि दुसऱ्याने त्याचा व्हिडिओ काढला. आई कसनुसं हसली आणि परत आली. तो व्हिडिओ एव्हाना कुठल्या ग्रुपवर असेल देव जाणे. हे सगळं आठ-दहा वर्षांच्या त्यांच्याच मुलांसमोर चाललं होतं. ती बिचारी खुर्च्यांवर आडवी होऊन, कानांवर हात ठेवून झोपायला बघत होती. फॅमिली कॅम्पिंग यालाच म्हणतात.

तंबू लावून देणाऱ्या पोराकडे तक्रार करा, नक्की करा. एकोणीस-वीस वर्षांचा तो पोरगा, दिवसभर राबलेला. तो मला म्हणाला, "काका, मी दोनदा सांगितलं. ते म्हणतात, जास्त बोललास तर रिव्ह्यू खराब टाकू." पोलिसांना फोन करतो म्हटल्यावर त्याने हात जोडले. सीझन आहे, जागा बंद पडेल. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद ठेवायचा, हा नियम २००० सालापासून अख्ख्या देशाला लागू आहे. सोसायटीत दहीहंडीला दहा वाजून पाच मिनिटं झाली की हाच नियम छातीठोकपणे सांगणारी माणसं त्या रिंगणात नाचत होती. बोलण्यावरून आमच्याच नोडची, म्हणजे वसाहतीतली, असावीत. गाड्यांच्या नंबरवरून तर नक्की नवी मुंबईची, एमएच ४३.

उजेडाचंही बघा. डिसेंबरात रात्री मृग नक्षत्र डोक्यावर चढत असतं, खाली व्याध लखलखतो, कृत्तिकांचा पुंजका साध्या डोळ्यांनी दिसतो. हे नवी मुंबईतल्या पाम बीच रोडवरून दिसत नाही म्हणून मुलीला दाखवायला नेलं होतं. पण शेजाऱ्यांनी बार्बेक्यूवर नीट उजेड पडावा म्हणून गाडीचे हेडलाइट लावून ठेवले. मग कोणाला तरी समोरचा तिकोना दिसला आणि हिरव्या लेझरने किल्ल्यावर नावं गिरवणं सुरू झालं. मुलीने विचारलं, "बाबा, व्याध तो हिरवा का?" तेव्हा तुम्हीही मुलांना तारे दाखवायच्या भानगडीत पडू नका. एकाच वेळी तिकोना, तुंग, लोहगड आणि विसापूरच्या पायथ्याशी आलोय, हेही सांगू नका. लोहगड २०२५ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेला तो काय आपल्याला विचारून गेला?

शेकोटी गवतावर पेटवा. तंबूचं कापड ठिणगीने वितळतं, पण तो भाड्याचा असतो.

सकाळची आवराआवर सोपी आहे. बार्बेक्यूच्या तेलकट जाळ्या पाण्यात नेऊन साबण लावून घासा, बाळाचे डायपर दगडाखाली दाबा, रिकाम्या बाटल्या पाण्यात नेम धरून फेका. तळंच तर आहे.

नाही. ते तळं नाही, आणि आता मला हे नाटक जमत नाही. ते धरण आहे. पवनेचं पाणी पिंपरी-चिंचवडची माणसं पितात. आपल्या नवी मुंबईच्या मोरबे धरणाच्या पाण्यात कोणी असं डायपर बुडवलं असतं तर आपण महापालिकेवर मोर्चा नेला असता. स्वतःच्या मालकीचं धरण असलेलं शहर म्हणून आपण किती मिरवतो! मग दुसऱ्याच्या पिण्याच्या पाण्यात साबण घासताना लाज कशी वाटत नाही? ज्या गावांच्या जमिनी या पाण्याखाली गेल्या ती अजून काठावर आहेत. हेच पाणी बंद जलवाहिनीतून न्यायला विरोध केला म्हणून ९ ऑगस्ट २०११ ला मावळात एक्स्प्रेसवेवर गोळीबार झाला, तीन शेतकरी मेले, त्यात एक बाई होती. ज्या रस्त्याने तुम्ही चिक्की खात आलात, तो रस्ता. हे माहीत नसेल तर माहीत करून घ्या, आणि माहीत असून बाटल्या फेकत असाल तर तुम्हाला काय म्हणावं ते मला इथे लिहिता येत नाही.

आणि दारू पिऊन त्या पाण्यात उतरू नका. धरणाचा काठ पोहायच्या तलावासारखा उतरत जात नाही. गुडघाभर पाण्यातून पुढचं पाऊल थेट खोलात पडतं, आणि खाली गाळ असतो, तो पाय सोडत नाही. दरवर्षी तिथे माणसं बुडतात. त्यांना काढायला रात्री-अपरात्री गावातलीच मुलं उतरतात, ज्यांना तुम्ही खराब रिव्ह्यूची धमकी देता.

स्पीकर घरी ठेवा. मोठ्या आवाजाशिवाय तुम्हाला करमत नसेल तर तुम्ही घरीच राहा, दारं-खिडक्या लावा आणि वाजवा. कोणा म्हाताऱ्या बाईचा हात तिला न विचारता धरू नका. तुमच्या पोरांनी तुमच्याकडून काय पाहिलं याचा परत येताना गाडीत एकदा विचार करा, ती मागच्या सीटवर जागीच असतात.

कचरा परत न्या. गावात घंटागाडी येत नाही, तुम्ही टाकलेलं तिथेच जाळलं जातं किंवा पाण्यात जातं. आम्ही निघताना मी शेजाऱ्यांना मोठी काळी पिशवी दिली, तर म्हणाले डिकीत जागा नाही. येताना भरलेल्या बाटल्या त्याच डिकीत बसल्या होत्या ना? मग रिकाम्याही बसतील.