‘ओहम कमी, बेस दुप्पट’: चार चॅनेल अ‍ॅम्पला सबवूफर जोडण्याच्या त्या सल्ल्याला उत्तर

गाडीत सबवूफर (थोडक्यात सब, खोल बेस वाजवणारा मोठा स्पीकर) बसवणाऱ्यांमध्ये एक सल्ला सध्या व्हॉट्सअ‍ॅपवरून जोरात फिरतो आहे. त्याचं सार असं: सबसाठी वेगळा मोनोब्लॉक (एकाच चॅनेलचा अ‍ॅम्प्लिफायर) घेऊ नका, चार चॅनेलचा अ‍ॅम्प पुरतो. दोन्ही सब पॅरलल (प्लसला प्लस, मायनसला मायनस) करून एकाच ब्रिजवर, म्हणजे दोन चॅनेल मिळून केलेल्या एका आउटपुटवर लावा. ओहम जितके कमी तितकी पॉवर जास्त, म्हणजे बेस दुप्पट. पॉवर वायर घरच्या वायरिंगमधली उरलेली चालते. फ्यूज उडत असेल तर मोठा टाका. अ‍ॅम्पवरचा गेनचा नॉब पूर्ण उघडा, कमी वॅटच्या अ‍ॅम्पने सब जळत नाही. यातलं पहिलं वाक्य बहुतेक वेळा खरं आहे आणि त्याच्याच आधाराने बाकीचं गळी उतरतं. बाकीचं मात्र सगळं चूक आहे, आणि फ्यूजचा मुद्दा तर जिवावर बेतणारा.

आधी ओहम, म्हणजे सब करंटला करतो त्या विरोधाचं माप. ४ ओहमचे दोन सब पॅरलल केले की २ ओहम होतात, सिरीजमध्ये (एकामागे एक) ८. इथपर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं, हुकतं ते पुढे. ब्रिज केल्यावर अ‍ॅम्पचे दोन चॅनेल एकाच सबला दोन्ही टोकांनी चालवतात. एक प्लसकडे जातो तेव्हा दुसरा मायनसकडे. त्यामुळे प्रत्येक चॅनेलला सबचे निम्मेच ओहम दिसतात. ४ ओहमचा सब ब्रिजवर लावला तर चॅनेलला दिसतात २ ओहम, आणि २ ओहमची जोडी लावली तर १ ओहम. बाजारातले बहुतेक चार चॅनेल अ‍ॅम्प चॅनेलमागे २ ओहम आणि ब्रिजमध्ये ४ ओहम यांच्या खाली चालण्यासाठी बनवलेलेच नसतात. स्पीकरच्या वायरी जिथे स्क्रूने आवळतो, त्या पट्टीजवळ पाहा. एका चॅनेलच्या प्लसपासून दुसऱ्याच्या मायनसपर्यंत एक रेघ छापलेली असते, ती ब्रिजची खूण. किमान किती ओहम चालतील तेही बारीक अक्षरात तिथे किंवा माहितीपत्रकात दिलेलं असतं. तो आकडा ही मर्यादा आहे, विक्रेत्याशी घासाघीस करायची किंमत नव्हे.

मर्यादा ओलांडली की काय होतं? करंट वाढतो, आउटपुट ट्रान्झिस्टर तापतात. अ‍ॅम्प चांगला असेल तर प्रोटेक्टचा लाल दिवा लावून बंद पडतो. स्वस्तातल्या अ‍ॅम्पमध्ये ते संरक्षण अनेकदा नावालाच असतं. ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला की अ‍ॅम्पच्या आतला डीसी पुरवठा थेट सबच्या कॉइलवर (कोन हलवणाऱ्या तारेच्या गुंडाळीवर) येतो. कोन (सबचा पुढचा हलणारा पडदा) एका बाजूला ताणून धरला जातो, कॉइल हलत नाही, हवा मिळत नाही, आणि काही क्षणांत ती करपते. असा सब हातात घेऊन कोन बोटांनी हलके दाबून पाहा: आत खरखर घासल्यासारखं लागतं, किंवा तो हलतच नाही. डस्ट कॅप (कोनाच्या मधली टोपी) काढली तर कॉइलच्या तारेवरचा लॅकर तपकिरी-काळा पडून सुटलेला दिसतो आणि जळका वास नाकात जातो. म्हणजे वेगळ्या अ‍ॅम्पचे पैसे वाचवायला गेलेल्याचा सबही गेला.

यावर एक उत्तर ठरलेलं असतं: बॉक्समध्ये बसवला की सबचे ओहम वाढतात, मग १ चे २ होतातच. वाढतात हे खरं, पण ठरावीक फ्रिक्वेन्सीच्या आसपासच. दुसऱ्या नोटला इम्पीडन्स (म्हणजे हेच ओहम) पुन्हा छापील आकड्याजवळ उतरतो. गाणं एकाच नोटवर थांबत नाही, म्हणून त्या वाढीच्या भरवशावर जोडणी करता येत नाही.

शिवाय हे सगळं कशासाठी? पॉवर दुप्पट झाली तरी आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट पॉवर. बॉक्सचं माप आणि बांधणी नीट केली, तर त्याहून जास्त फरक फुकटात मिळतो.

बरोबर जोडणी सोपी आहे. सिंगल कॉइलचे ४ ओहमचे दोन सब असतील तर एक सब चॅनेल १-२ च्या ब्रिजवर आणि दुसरा ३-४ च्या ब्रिजवर. दोन्ही बाजूंचा गेन आणि लो-पास (फक्त खालचे सूर जाऊ देणारा फिल्टर) सारखा ठेवा. ड्युअल कॉइलचा सब असेल तर २ ओहमच्या दोन कॉइल सिरीजमध्ये घेऊन ४ करा आणि ब्रिजवर लावा. ४ ओहमच्या दोन कॉइल असतील तर पॅरलल केल्यावर २ होतात, ते ब्रिजवर नको; एकेक कॉइल एकेका चॅनेलला द्या, दोन्ही चॅनेलना सारखाच सिग्नल आणि सारखाच गेन ठेवा. आणि चारही चॅनेलचे प्लस एकत्र पिळून जोडण्याचं धाडस कुणी करू नये. त्यात चॅनेल एकमेकांनाच करंट ढकलत बसतात.

आता वायर. ब्रिजमागे २०० असे खरे ४०० वॅट देणारा क्लास एबी प्रकारचा अ‍ॅम्प साधारण ६० टक्के कार्यक्षम धरला, तर पूर्ण जोरात १३.८ व्होल्टवर तो ५० अँपिअरच्या आसपास ओढतो. घरातली २.५ स्क्वेअर एमएमची वायर, जिला आपण १६ किंवा २० अँपिअरचा एमसीबी लावतो, ती बॅटरीपासून डिक्कीपर्यंत ५ मीटर टाकली तर ५० अँपिअरला १.७ व्होल्ट वायरमध्येच पडतात. म्हणजे कार्पेटखाली ८६ वॅटची उष्णता. तेवढ्याच लांबीची १६ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर घेतली तर हीच उष्णता १३-१४ वॅटवर येते. अ‍ॅम्प किट विकत घेताना एक तार ब्लेडने खरवडून बघा. आत रुपेरी निघाली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम आहे. त्यातून वीज तांब्याच्या जेमतेम दोन तृतीयांश वाहते, तेव्हा वायर तेवढी जाड लागेल.

फ्यूज हा अ‍ॅम्पसाठी नसतो, अ‍ॅम्पचा फ्यूज बहुतेक वेळा त्याच्या अंगावरच असतो. बॅटरीजवळचा फ्यूज वायरसाठी असतो. इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या भोकातून वायर रबरी ग्रॉमेटशिवाय नेली, की खड्ड्यांच्या रस्त्यावर पत्र्याची धार इन्सुलेशन हळूहळू कापते. उघडी तार बॉडीला टेकली की गाडीची बॅटरी शेकडो अँपिअर सोडू शकते. फ्यूज नसेल किंवा १५० अँपिअरचा घातला असेल, तर तो उडण्याआधी वायर पेटू शकते, आणि तीही कार्पेट-फोमच्या खाली. म्हणून फ्यूज बॅटरीच्या प्लसपासून ४५ सेंटिमीटरच्या आत हवा आणि वायर जेवढं सहन करते त्याच्या आतला हवा. वरच्या उदाहरणात १६ स्क्वेअर एमएमला ६०चा. तो वारंवार उडत असेल तर कुठे शॉर्ट आहे किंवा ओहम कमी पडताहेत, ते शोधा.

अर्थची वायर पॉवरच्याच जाडीची आणि आखूड घ्या. बॉडीचा रंग खरवडून उघड्या पत्र्यावर लग (वायरच्या टोकाचं धातूचं कडं) घट्ट आवळा. सीटबेल्टच्या बोल्टला हात लावायचा नाही. पत्र्याला भोक पाडण्याआधी खाली वाकून पाहा. बऱ्याच हॅचबॅकची पेट्रोलची टाकी मागच्या सीटखालीच असते. आपल्याकडे सीएनजीच्या गाड्या भरपूर, त्यांच्या सिलिंडरला, पाइपला किंवा त्याच्या ब्रॅकेटला अ‍ॅम्प, अर्थ, वायर काहीही अडकवू नका.

राहिला गेन. तो आवाजाचा नॉब नाही, डेकच्या (गाडीतल्या म्युझिक प्लेयरच्या) सिग्नलशी अ‍ॅम्प जुळवण्यासाठी आहे. फुल केला की लाटेची टोकं कापली जातात, आणि पूर्ण चौकोनी झालेली लाट तेवढ्याच उंचीच्या साइन (गोलसर, न कापलेल्या) लाटेच्या दुप्पट पॉवर कॉइलमध्ये ओतते. ‘कमी वॅटचा’ अ‍ॅम्प सब जाळतो तो असा. सबची वायर काढा, डेकचा इक्वलायझर सपाट करा, आवाज तीन चतुर्थांशावर ठेवून ५० हर्ट्झचा टोन लावा आणि मल्टिमीटर एसी व्होल्टवर घेऊन ब्रिजच्या दोन स्क्रूंवर धरा. ब्रिजमध्ये ४ ओहमला २०० वॅटचा अ‍ॅम्प असेल तर २०० गुणिले ४ म्हणजे ८००, त्याचं वर्गमूळ २८. गेन सावकाश फिरवत २८ व्होल्टला थांबा, नॉबवर मार्करने खूण करा आणि मग सब जोडा.