तान्ह्या पोळ्याचा गेम आणि त्याखालची लिंक

पोळा जवळ आला की हा मेसेज नवी झूल पांघरून येतोच. यंदा तो अंगणवाडीच्या पालकांच्या ग्रुपवरून थेट घरच्या ग्रुपवर आला, खाली हात जोडलेल्या इमोजींची रांग लागली आणि धाकट्या बहिणीनं विचारलं, "दादा, टाकून देऊ का?" नको टाकू. का नको, ते एकदाच सविस्तर लिहून ठेवतो.

मेसेज म्हणतो: पोळा ते दिवाळीचे गेम एक वर्षाच्या लेकरालाही चालतात, कारण त्यावर ‘३+’ लिहिलेलं असतं. मोबाईलवर फटाके फोडले की पोरं सावधगिरी शिकतात. प्ले स्टोअरवरचा गेम जड असतो, म्हणून खालच्या लिंकवरून फाईल घ्या. नेट बंद केलं की जाहिराती येत नाहीत. आणि सगळं फुकट, पिन टाकल्याशिवाय पैसा जात नाही.

आधी लिंकचंच पाहू, कारण सगळ्यात मोठा घात तिथं आहे. ती ‘फाईल’ म्हणजे एपीके. प्ले स्टोअरची तपासणी टाळून अ‍ॅप थेट फोनमध्ये घालायची वाट. लग्नपत्रिका, ट्रॅफिक चलान, पीएम किसान अशा नावांच्या एपीके पाठवून लोकांची खाती रिकामी केल्याचे प्रकार देशभर झाले आहेत. पोळ्याचा गेम हे त्याच मालावरचं नवं लेबल असू शकतं. काम कसं होतं ते बघा. इन्स्टॉल करताना अ‍ॅप एसएमएस वाचायची परवानगी मागतं, किंवा ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी’, म्हणजे पडद्यावरचं वाचायचा आणि दाबायचा अधिकार, सुरू करा म्हणतं. लेकरू रडत असतं, आपण भराभर ‘अलाऊ’ दाबत जातो. त्यानंतर बँकेचा प्रत्येक ओटीपी तिकडच्या माणसालाही दिसतो. आणि गावात लेकराच्या हातात येणारा फोन कोणता? ज्यावर कापसाच्या चुकाऱ्याचा आणि पीकविम्याचा मेसेज येतो तोच. बैल सजवायच्या गेमला एसएमएस कशाला पाहिजे बाप्पा?

फोनच्या सेटिंग्जमध्ये वर शोधायच्या चौकटीत ‘अनोळखी अ‍ॅप’ किंवा इंग्रजीत ‘अननोन’ टाइप करा. जी यादी येईल त्यात व्हॉट्सअ‍ॅप, ब्राउझर आणि फाइल मॅनेजर, तिन्हींसमोरची परवानगी बंद करा. फाईल आधीच टाकली असेल तर पहिलं काम फोन एअरप्लेन मोडवर टाकणं, वायफाय असेल तर तेही बंद. मग दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून खातं आणि यूपीआय थांबवायचं, पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करायची. त्यानंतर अ‍ॅप काढायचं. निघत नसेल तर सेटिंग्जमध्ये ‘डिव्हाइस अ‍ॅडमिन’ शोधून तिथून त्याचा अधिकार काढा, मग निघतं. पासवर्ड आणि यूपीआय पिन बदलायचे ते दुसऱ्या फोनवरून. त्याच फोनवर नवा पिन टाकला तर तोही त्यांना मिळायची शक्यता राहते.

आता ‘३+’. एक वर्षाच्या लेकरासाठी तीनचा दाखला द्यायचा, हे गणितच मुळात थोर आहे. पण तीन वर्षांच्या पोरासाठीही त्या आकड्याचा अर्थ ‘हे तुमच्यासाठी बनवलंय’ असा नाही. भीतीदायक मारामारी, शिवीगाळ, अश्लीलता असलं काही सापडलं नाही, एवढंच तो सांगतो. प्ले स्टोअरवर कॅल्क्युलेटरलाही ३+ मिळतो. लेकरानं किती वेळ स्क्रीन बघावी, याबद्दल जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली स्पष्ट लिहिलं आहे: दोन वर्षांच्या आत, अगदी एक वर्ष पूर्ण झालेल्यालाही, बसून स्क्रीन बघणं नको. दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त एक तास, आणि कमी असेल तेवढं बरं. यात गेमही आला आणि कार्टूनही आलं. त्याच कागदात एक ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसभरात मिळून निदान १८० मिनिटं हालचाल सांगितली आहे. तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोरांच्या पोळ्याला, लाकडी नंदी ओढत चार घरी बोजारा (खाऊ-पैसे) मागून आलं, तर त्यातली बरीच मिनिटं तिथंच भरतात.

फटाक्यांचा मुद्दा वाचून हसावं की डोकं धरावं कळत नाही. या गेममध्ये करायचं काय असतं? सुतळी बॉम्बवर बोट ठेवायचं. ठेवलं की मोठा आवाज होतो, रंग उडतात, टाळ्या वाजतात. यात सावधगिरी कुठं आली? दोन वर्षांचं लेकरू पडद्यावरचं खऱ्या जगात नेऊन वापरण्यात तसंही कच्चं असतं. तीच गोष्ट समोर माणसानं करून दाखवली तर लवकर उमगते. म्हणजे गेममधलं शिकलेलं बाहेर येत नसेल तर मेसेज खोटा, आणि येत असेल तर लेकरू शिकलं ते हेच की बॉम्बला बोट लावलं की मजा येते. दोन्हीकडून तोटाच. सणाचा गेम शोधताना फटाके, पेटती पणती, फुलबाजी हातात धरायचा खेळ सरळ वगळा. रांगोळीत रंग भरणं, आकाशकंदिलावर बोट लावलं की तो उजळणं, बैलाच्या अंगावर झूल येणं, एवढं पुष्कळ झालं.

त्यातही हाताळणी बघा. दोन-अडीच वर्षांच्या बोटाला टेकवणं जमतं, ओढत नेणं कठीण जातं. बाशिंग उचलून बैलाच्या कपाळावर न्यायचं असेल तर बोट मध्येच उचललं जातं, बाशिंग परत जाग्यावर जातं आणि लेकरू चिडतं. म्हणून टेकवायचा गेम घ्या. चित्रं मोठी, एका पडद्यावर दोन-तीनच, वेळेची घंटा नाही, हरणं नाही. लेकराला देण्याआधी स्वतः दहा मिनिटं खेळून बघा. अख्खा तळवा स्क्रीनवर ठेवून दुसऱ्या बोटानं दाबा, कारण लहान पोरं फोन असाच धरतात, आणि कित्येक गेम तिथंच अडकतात. जुन्या, कमी रॅमच्या फोनवर गेम रेंगाळतो. पोट्टं एकदा दाबून थांबत नाही, पाचदा दाबतं, आणि पाचवं बोट जाहिरातीवर पडतं. शिवाय बऱ्याच ‘सणाच्या’ गेमांत फुगे फोडायचा एकच खेळ असतो, नाताळात सांता, दिवाळीत पणती. बनवणाऱ्याच्या नावावर टिचकी मारा, त्याची सगळी दुकानदारी दिसते.

नेट बंद केलं की जाहिराती येत नाहीत, हे बऱ्याच अंशी खरं आहे, मान्य करावं लागेल. पण काही गेम नेटशिवाय उघडतच नाहीत, आणि काही आधी उतरवून ठेवलेल्या जाहिराती दाखवतात. स्टोअरवर नावाखाली ‘जाहिराती आहेत’ लिहिलंय का, ते इन्स्टॉल करण्याआधीच वाचा. नेट बंद करण्यापेक्षा अ‍ॅप पिनिंग, म्हणजे फोन एकाच अ‍ॅपवर अडकवून ठेवणं, जास्त कामाचं. सेटिंग्जमध्ये ‘पिन’ शोधलं की सापडतं, काही फोनमध्ये त्यालाच ‘स्क्रीन पिनिंग’ म्हणतात. ते चालू करा, अनपिन करण्याआधी फोनच्या लॉकचा पिन विचारायचा पर्यायही चालू करा. मग गेम उघडा, अलीकडच्या अ‍ॅपांच्या पडद्यावर जा, गेमच्या चिन्हावर दाबून ‘पिन’ निवडा. लेकरू मग गेममधून बँकेच्या अ‍ॅपमध्ये किंवा मामाला व्हिडिओ कॉलवर पोचत नाही.

पिनशिवाय यूपीआयचा पैसा जात नाही, हेही अर्धंच. पहिल्यांदा पिन मोठंच माणूस टाकतं, ‘सात दिवस फुकट’ वाचून. त्यावेळी ऑटोपेला मंजुरी दिली गेली की पुढचे हप्ते १५,००० रुपयांपर्यंत पिन न विचारता कापले जाऊ शकतात. आणि सण संपल्यावर नुसता गेम डिलीट केला तर सबस्क्रिप्शन चालूच राहतं. ते बंद करायला प्ले स्टोअरमध्ये वरच्या कोपऱ्यातल्या आपल्या फोटोवर दाबा, ‘पेमेंट्स आणि सबस्क्रिप्शन’मध्ये जा आणि तिथून रद्द करा. मग यूपीआय अ‍ॅपमध्ये ऑटोपेची यादी उघडून त्यात ते नाव उरलं नाही ना, तेही बघून घ्या.