मुलगा इटलीत, आई टॉवरमध्ये

"तू तिथं लंडनात बसून बोलून राहिली. इथं राहावं लागते आम्हाले." नागपूरच्या दादाचं हे वाक्य आमच्या घरच्या ग्रुपवर ठरलेलं. विषयही ठरलेला: बुलडोझर. मार्च २०२५च्या दंगलीनंतर तिथल्या महापालिकेनं एका आरोपीचं घर पाडलं. घर होतं त्याच्या आईच्या नावावर. हायकोर्टाची स्थगिती त्याच दिवशी आली, पण तोवर घर उरलं नव्हतं. केवळ आरोपी म्हणून कुणाचं घर पाडता येणार नाही, घरच्यांना शिक्षा कशाची, हे सुप्रीम कोर्टानं नोव्हेंबर २०२४मध्येच सांगितलं होतं. तेच मी ग्रुपवर लिहिलं. तर हे उत्तर.

परवा पाहुण्या आलेल्या मावशीला टॉवर ऑफ लंडन दाखवायला नेलं. ती कोहिनूरच्या रांगेत लागली, मी बाहेर हिरवळीवर. तिथे शिरच्छेद झालेल्यांचं काचेचं स्मारक आहे. त्यावर एक नाव मार्गारेट पोल, सॅलिसबरीची काउंटेस. दोन राजांची पुतणी. इंग्लंडचा राजा आठव्या हेन्रीनंच तिला १५१२मध्ये ही जहागीर परत दिली, आपली लेक मेरी तिच्या हाती सोपवली.

तिचा मुलगा रेजिनाल्ड इटलीत. १५३६मध्ये त्यानं तिथून हेन्रीला भलंमोठं लिहून पाठवलं: राजा चर्चचा प्रमुख होऊच शकत नाही. आईनं पत्र लिहून त्याला झापलं. त्याच वर्षी पोपनं त्याला कार्डिनल, म्हणजे पोपखालचा बडा धर्मगुरू, केलं. हेन्रीनं माणसं पाठवूनही तो काही हाती लागला नाही. घरचे लागले. थोरल्या भावाचं मुंडकं १५३९च्या जानेवारीत उडालं. आईवर तर खटलाच नाही. संसदेनं कायदा करून तिला दोषी ठरवलं, मालमत्ता जप्त. पुरावा म्हणून हेन्रीचा मंत्री क्रॉमवेलनं तिच्या घरात सापडलेला एक अंगरखा दाखवला, ख्रिस्ताच्या पाच जखमांचं चिन्ह असलेला. (पुढच्याच वर्षी क्रॉमवेलही असाच विनाखटला गेला.)

"इथं असं होत नाही," हे आम्ही परदेशस्थ फार ऐटीत म्हणतो. इथंही झालं, आणि रीतसर कायदा करून झालं.

टॉवरच्या कैदेत थंडीनं मार्गारेट गारठायची. १५४१च्या वसंतात तिच्यासाठी फरचा झगा, जोडे, सपाता शिवायला दिल्या. २७ मे रोजी सकाळी तिला मारलं. वय ६७. जल्लाद नवशिका होता, त्यानं डोकं आणि खांदे अक्षरशः छिन्नविच्छिन्न केले, असं पवित्र रोमन सम्राटाच्या राजदूतानं लिहून ठेवलंय. १८८६मध्ये पोपनं तिला 'धन्य' (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं.

रेजिनाल्डचं म्हणणं चूक होतं असं मला वाटत नाही. माझंही चूक नाही. आईच्या नावावरचं घर पाडणं हा न्याय नव्हे. पण दादाला मी मागे एकदा भित्रा म्हटलं होतं. तो शब्द मागे घेते. आमच्या आईचं घर नागपूरच्या महाल भागात आहे, दंगल झाली तिथेच, आणि ग्रुपवर तीही आहे.