कात्री कुणाच्या हातात? – एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. रेडिओवरच्या दीर्घ संभाषणांबद्दलच्या लेखावर आपण तीन आक्षेप घेतले आहेत. संकलित, म्हणजे मुद्रणानंतर कापून-जोडून तयार केलेलं, संभाषण हे संभाषणच नव्हे, जे थेट तेच खरं. पाहुण्याशी आधी फोनवर बोलून घेणं म्हणजे नाटकाची तालीम. आणि असे कार्यक्रम छोट्या सामुदायिक रेडिओ केंद्रांनी करावेत. पुरावा म्हणून बीबीसीच्या ‘पॅनोरमा’ या दूरचित्रवाणीवरच्या शोधपत्रकारितेच्या कार्यक्रमाचं उदाहरण दिलंत.

त्या उदाहरणापासूनच सुरुवात करतो. ट्रम्प यांच्या 6 जानेवारी 2021 च्या भाषणातली, 50 हून अधिक मिनिटांच्या अंतरावरची वाक्यं त्या कार्यक्रमात सलग जोडली गेली. नोव्हेंबर 2025 मध्ये बीबीसीने माफी मागितली, महासंचालक टिम डेव्ही यांनी राजीनामा जाहीर केला. इथे घात गाळण्याने झाला नाही, जोडण्याने झाला. दूरची दोन वाक्यं एका दमात म्हटल्यासारखी ऐकू आली. मधलं एखादं लांबलेलं उदाहरण काढणं आणि हे, यांना एकाच तागडीत घालता येणार नाही.

आता थेट प्रक्षेपण. तिथेही कात्री असतेच, फक्त ती घड्याळाच्या हातात असते. बीबीसी रेडिओ 4 वरचा ‘इन अवर टाइम’ हा तज्ज्ञांच्या चर्चेचा कार्यक्रम 1998 मध्ये सुरू झाला आणि मेल्विन ब्रॅग यांनी तो 2025 पर्यंत चालवला. बरीच वर्षं तो गुरुवारी सकाळी 9 वाजता थेट असायचा आणि त्याच रात्री त्याची छाटलेली आवृत्ती लागायची. पुढे पॉडकास्टला एक शेपूट जोडलं गेलं, ज्यात वेळ संपल्यावर ‘काय राहून गेलं?’ असं तज्ज्ञांना विचारलं जातं. पाऊण तास थेट बोलूनही काही राहतं, याची ही उघड कबुलीच.

मराठीत थेट कार्यक्रमाचा धोका आणखी मोठा आहे. आपलं क्रियापद शेवटी येतं आणि नकारही शेवटी येतो. ‘या लसीमुळे संसर्ग पूर्ण थांबतो असं आमच्या अभ्यासातून सिद्ध होत नाही’ हे वाक्य घ्या. ‘थांबतो’पाशी निवेदकाने ‘वा, म्हणजे चांगली बातमी!’ म्हणत ब्रेक घेतला की शास्त्रज्ञाच्या तोंडी नेमकं उलटं विधान बसतं. वाक्य पूर्ण होईस्तोवर गप्प बसणं, हे मराठी विज्ञान-संभाषणात निवेदकाचं पहिलं काम. ते चुकलं तर ध्वनिमुद्रित कार्यक्रमात प्रश्न पुन्हा विचारता येतो. थेट कार्यक्रमात निसटलेलं वाक्य निसटलंच.

तरीही संकलनात अप्रामाणिकपणा होतो, फक्त आपण बोट ठेवलंत तिथे नाही. 45 मिनिटांच्या कार्यक्रमासाठी 70-75 मिनिटं मुद्रण पुरतं. दीड तासावर गेलं की पाहुणा थकतो आणि उत्तरं घोटीव होतात. गाळायचं तर प्रश्न आणि उत्तर दोन्ही गाळावं. एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्याखाली लावू नये, प्रश्न नंतर नव्याने मुद्रित करून तर मुळीच लावू नये. ‘बहुधा’, ‘आमच्या नमुन्यापुरतं’, ‘उंदरांवर तरी’ हे शब्द कागदावरच्या लिखित प्रतीत पाल्हाळ वाटतात आणि लाल पेन तिथेच चालतं. म्हणून पहिली छाटणी कानाने करावी, कागदावर नव्हे. ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ खुशाल कापा. श्रोते दुवाच देतील.

दुसरी चोरी शांततेची. अवघड प्रश्नानंतर पाहुणा तीन सेकंद थांबला आणि संकलकाने ते अर्ध्या सेकंदावर आणलं, तर चाचपडत दिलेलं उत्तर तयार उत्तरासारखं ऐकू येतं. शब्द एकही बदललेला नसतो, त्यामुळे याबद्दल कुणी तक्रार करत नाही. माझ्या मते मात्र हे ‘बहुधा’ कापण्याइतकंच वाईट. अशी शांतता भरायलाही खोलीचा खरा आवाज लागतो. मुद्रण संपल्यावर सगळ्यांना बसवून मिनिटभर नुसती खोली मुद्रित करून ठेवावी. छतावरचा पंखा आधीच बंद करा, नाहीतर प्रत्येक जोडावर त्याची घरघर उडी मारते आणि चांगली जोडणीही उघडी पडते. काप श्वास घेण्याच्या किंचित आधी घ्यावा, श्वास पुढच्या शब्दाकडे राहू द्यावा. अर्धा श्वास कानाला लगेच खटकतो.

दोघं दोन गावांत असतील तर प्रत्येकाकडे वेगळं मुद्रण होतं. सुरुवातीला आणि शेवटी एकेक टाळी वाजवून घ्यावी, म्हणजे तिच्या आधारे दोन्ही मुद्रणं जुळवता येतात. दोन यंत्रांची घड्याळं अगदी सारखी धावत नाहीत, तासाभरात अंशभर सेकंदाचा फरक सहज पडू शकतो. फक्त सुरुवातीची टाळी जुळवली तर शेवटाकडे कुणी कुणाला मध्येच तोडलं, हेच बदलून जातं. राजकीय चर्चेत ही किरकोळ गोष्ट नाही.

आधीच्या फोनबद्दल. हा फोन निर्मात्याने करावा, निवेदकाने नव्हे, म्हणजे निवेदक उत्तर पहिल्यांदा माइकसमोरच ऐकतो. वीसेक मिनिटं पुरतात. विषय सांगायचे, प्रश्नांची यादी पाठवायची नाही. यादी गेली की उत्तरं लिहून येतात, आणि उत्तर वाचून दाखवलं जातंय हे श्रोत्याला दुसऱ्या वाक्यातच कळतं. अमेरिकेत ‘फ्रेश एअर’ या रेडिओवरच्या मुलाखतींच्या कार्यक्रमाच्या निवेदिका टेरी ग्रोस पाहुण्याला आधीच सांगून ठेवतात की प्रश्न फार खाजगी वाटला तर तसं सांगा, पुढे जाऊ. याने प्रश्न बोथट होत नाही, उलट अवघड प्रश्न विचारायची मोकळीक मिळते.

सामुदायिक केंद्रांचं म्हणाल तर शेती, आरोग्य, विज्ञान यांवर त्यांनी जरूर बोलावं. पण चालू घडामोडींवर स्वतःचा कार्यक्रम करायला भारतातले परवान्याचे नियमच आड येतात. बातम्या द्यायच्या तर आकाशवाणीच्या, त्याही जशाच्या तशा. खाजगी एफएमची गतही वेगळी नाही. म्हणून मराठीत चालू घडामोडींवरचं संभाषण आकाशवाणीवर नाहीतर पॉडकास्टवरच होऊ शकतं.

शेवटी आपण विचारलंत की तयार कार्यक्रम पाहुण्याला आधी ऐकवावा का. पूर्ण ऐकवू नये, कारण मग अडचणीत आणणारी उत्तरं काढून टाकायची विनंती येते. आकडे, एकक आणि व्याख्या असलेली वाक्यं तेवढी लिहून पाठवावीत आणि ‘यात तथ्याची चूक आहे का?’ एवढंच विचारावं. चूक निघाली तर दुरुस्ती निवेदकाच्या आवाजात वेगळी जोडावी, पाहुण्याच्या वाक्यात घुसवू नये.