चॅपल पाडायचंय तर पाडा, पण आधी एकदा पोटभर गाऊ द्या

चार दिवस झाले लिहू की नको करतेय, आज लिहूनच टाकते. आमच्या गावाकडचं (नगर जिल्हा, गावाचं नाव मुद्दाम घेत नाही) जुनं दगडी चॅपल पाडून तिथे नवीन हॉल बांधायचं ठरलंय. भिंतीला तडे गेलेत, वासे वाळवीने खाल्लेत, पावसाळ्यात वेदीच्या बाजूला बादल्या ठेवाव्या लागतात, त्यामुळे माझा पाडण्याला विरोध नाही हे आधीच सांगते. मी ग्रुपवर एवढंच विचारलं की शेवटची भक्ती (उपासना) कधी ठेवलीय, म्हणजे तशी सुट्टी काढते. तर कमिटीतल्या एका काकांचं उत्तर आलं की वेगळा कार्यक्रम कशाला, लोक रडतील, मग कोणीतरी पाडू नका म्हणून आडवं होईल, त्यापेक्षा एका सोमवारी जेसीबी येईल आणि काम सुरू. खाली सात-आठ जणांचे अंगठे.

मला ते अंगठे बघून जास्त वाईट वाटलं.

मी सहा वर्षं जर्मनीत लाइपझिगला राहतेय. ऑफिसला जाताना ट्राम आउगुस्टुसप्लाट्झवरून जाते, आणि तिथे एक निळसर काचांची, उंच टोकदार दर्शनी भिंतीची इमारत आहे, एका बाजूला सरकलेली गोल खिडकी असलेली. पहिल्यांदा बघितलं तेव्हा वाटलं चर्च आहे की मॉल आहे की काय आहे हे. नंतर कळलं की ही विद्यापीठाची इमारत, आणि या जागेवर १९६८ पर्यंत सेंट पॉल चर्च उभं होतं, विद्यापीठाचं चर्च. ती गोष्ट सांगितल्याशिवाय माझं म्हणणं नीट पोचणार नाही म्हणून जरा सविस्तर सांगते.

आधी एक. हे चर्च लुथरनांचं, आणि लुथरन म्हणजे कोण असं माझ्या बिगर-ख्रिस्ती मैत्रिणी नेहमी विचारतात. मराठी माणसाला सगळ्यात सोपी ओळख तंजावरची. आपले सरफोजी राजे (दुसरे) ज्यांच्या हाताखाली शिकले ते श्वार्ट्झ हे जर्मन लुथरन मिशनरी, १७९८ साली तंजावरातच वारले, आणि सरफोजींनी लंडनच्या फ्लॅक्समन या शिल्पकाराकडून संगमरवरी स्मारक करून घेऊन तिथल्या चर्चमध्ये बसवलं. त्यात श्वार्ट्झ मरणशय्येवर आहेत आणि मराठी राजा शेजारी उभा आहे. तर ते हे लोक. मार्टिन लुथरच्या परंपरेतले. आणि या परंपरेत गाणं ही उपासनेत वरून घातलेली कोथिंबीर नसते. लुथरने लोकांच्या तोंडात त्यांच्या स्वतःच्या भाषेतली गाणी दिली, १५२४ साली आठ गाण्यांचं छोटंसं पुस्तक निघालं त्यात चार त्याची स्वतःची होती. तोपर्यंत उपासनेतलं गाणं मुख्यतः पाद्री आणि गायकांचं आणि लॅटिनमध्ये. आपल्याकडे नारायण वामन टिळकांनी ओवी, अभंग, भजन चर्चच्या आत आणलं ते मला याच जातीचं काम वाटतं, आणि ज्यांच्या आज्या टिळकांची पदं म्हणत भाकरी थापायच्या त्यांना हे वेगळं समजावायला नको.

तर हे पॉल चर्च. तेराव्या शतकात डॉमिनिकन या कॅथलिक संघाच्या साधूंनी बांधलं, १२४० ला अर्पण झालं. मग लाइपझिगमध्ये धर्मसुधारणा, म्हणजे लुथरची चळवळ, आली, त्या साधूंचा मठ विद्यापीठाकडे गेला आणि १५४५ च्या ऑगस्टमध्ये खुद्द लुथर इथे येऊन त्याने ते विद्यापीठाचं चर्च म्हणून अर्पण केलं. म्हणजे शहरातल्या इतर चर्चांसारखं हे एका वस्तीचं नव्हतं, प्राध्यापक, विद्यार्थी, त्यांचे पदवीदानाचे समारंभ, त्यांच्या अंत्यविधीच्या उपासना, सगळं इथे.

आणि निरोप. या इमारतीबद्दल वाचताना मला हेच सारखं जाणवत गेलं, की हे शहर आपल्या माणसांना निरोप द्यायला इथे यायचं आणि तो निरोप गाऊन द्यायचं. १७२७ साली सॅक्सनीच्या, म्हणजे लाइपझिग ज्यात येतं त्या राज्याच्या, राज्यकर्त्याची बायको ख्रिस्टियाने एबरहार्डिने वारली. तिच्या नवऱ्याने पोलंडचं राजेपद मिळावं म्हणून कॅथलिक पंथ घेतला होता, ती मात्र शेवटपर्यंत लुथरन राहिली, त्यामुळे लोकांचा तिच्यावर फार जीव. १७ ऑक्टोबरला तिची शोकसभा या चर्चमध्ये झाली आणि तिच्यासाठी योहान सेबास्टियन बाख या संगीतकाराने लिहिलेलं शोकगीत इथे वाजलं. दोन वर्षांनी बाख शिकवायचा त्या शाळेचे रेक्टर (मुख्याध्यापक) एर्नेस्टी वारले, विद्यापीठात प्राध्यापक पण होते, त्यांच्या अंत्यविधीसाठी बाखने एक मोटेट (समूहाने गायचं धार्मिक गाणं) लिहिलं, तेही इथलंच. आमच्या छोट्या कॉयरने ते मागच्या वर्षी बसवायला घेतलं होतं, मी आल्टोत (बायकांच्या खालच्या पट्टीत) गाते, आठ आवाजांचं आहे आणि सुरुवातीला इतकं धावतं की अंत्यविधीचं गाणं असं नाचरं कसं असेल असं वाटतं. शब्द रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायातले, आत्मा आपल्या अशक्तपणात हातभार लावतो ते. प्रार्थना काय करावी हेही सुचत नाही तेव्हा आत्माच आपल्यासाठी विनंती करतो. ज्याच्या घरात मयत झालीय त्याला हे वचन कळतं. १८४७ मध्ये संगीतकार मेंडेल्सझोन गेला, त्याचीही उपासना इथेच झाली.

म्हणजे सव्वासातशे वर्षं ज्या छताखाली लोक निरोपाची गाणी म्हणत होते त्या छतालाच १९६८ मध्ये निरोप द्यायची वेळ आली.

बॉम्बने पाडलं असतं तर एकवेळ समजलं असतं. डिसेंबर १९४३ च्या बॉम्बहल्ल्यात अर्धं शहर जळालं तरी हे चर्च जवळपास धडधाकट राहिलं होतं. कॅथलिकांचं चर्च मात्र त्या युद्धात गेलं, मग त्यांनाही इथे मिस्सा (त्यांची उपासना) करायला जागा दिली, म्हणजे एकाच छताखाली लुथरन पण आणि कॅथलिक पण. पण पूर्व जर्मनीच्या कम्युनिस्ट सरकारला त्या चौकात, तेव्हाचा कार्ल मार्क्स चौक, नवीन समाजवादी विद्यापीठ उभारायचं होतं आणि त्यात मध्येच एक गॉथिक चर्च नको होतं. पक्षप्रमुख उलब्रिख्ट स्वतः लाइपझिगचा. २३ मे १९६८ ला नगरसभेत प्रस्ताव आला आणि विरोधात फक्त एक मत पडलं.

तो दिवस येशूच्या स्वर्गारोहणाच्या सणाचा होता, गुरुवार. त्याच दिवशी चर्चमध्ये शेवटच्या उपासना झाल्या, लुथरनांचीही आणि कॅथलिकांचीही. त्यानंतर चर्च बंद, आत भिंतींमध्ये सुरुंगासाठी भोकं पाडायला सुरुवात. मिळालेल्या त्या थोड्या दिवसांत लोकांनी जे हाताला लागेल ते बाहेर काढलं, वेदी, व्यासपीठ, भिंतीवरचे जुन्या प्राध्यापकांचे स्मृतिफलक, काही फलक काढता काढता तुटले, बरेचसे आतच राहिले. बाहेर चौकात रोज माणसं जमायची, नुसती उभी राहायची, पोलीस हाकलायचे, कोणाकोणाला उचलून न्यायचे, दुसऱ्या दिवशी परत माणसं. ३० मेला सकाळी दहा वाजता स्फोट झाला. फोटो आहेत त्याचे, छताचं टोक तिरकं होऊन धुरात बसताना. ढिगारा ट्रकमध्ये भरून शहराबाहेर वाळूच्या खाणीत नेऊन टाकला, त्यात थडग्यांतलं काय काय गेलं असेल याचा विचार करवत नाही.

आता माझा मुद्दा. त्या सरकारकडे सत्ता होती, पोलीस होते, दारूगोळा होता, पण शेवटच्या उपासना व्हायच्या त्या झाल्याच. लोकांना एक दिवस मिळाला, फक्त एक, आणि त्या दिवशी आत जे होते ते उरलेलं आयुष्यभर आपण शेवटच्या दिवशी तिथे होतो हे सांगत राहिले. चर्च पाडल्यावर तीनच आठवड्यांनी, २० जूनला, शहरात आंतरराष्ट्रीय बाख स्पर्धेचा समारोपाचा कार्यक्रम होता, सभागृह भरलेलं, परदेशी पाहुणे बसलेले, आणि स्टेजच्या वर अचानक एक मोठा पिवळा कापडी फलक उलगडला, त्यावर चर्चची आकृती आणि खाली लिहिलेलं, आमची मागणी आहे, पुन्हा बांधा. काही तरुणांनी, त्यातले बरेच भौतिकशास्त्राचे, घड्याळाचा गजर लावून तो आपोआप खाली येईल अशी सोय केली होती. सभागृहात टाळ्या, थांबेचनात. कोणी लावला हे पोलिसांना बराच काळ शोधावं लागलं. त्यातला हाराल्ड फ्रिट्श हा पुढे मोठा भौतिकशास्त्रज्ञ झाला, तो आणि त्याचा मित्र श्टेफान वेल्त्स्क त्याच उन्हाळ्यात बल्गेरियातून घडीच्या कयाकमध्ये (छोट्या वल्हवायच्या होडीत) बसून काळ्या समुद्रातून तुर्कस्तानला पळाले. मागे राहिलेला डीट्रिख कोख १९७० मध्ये पकडला गेला, तुरुंगात गेला. एका चर्चसाठी, जे आधीच पडलेलं होतं.

आमचे काका म्हणतात शेवटची भक्ती ठेवली तर लोक आडवे होतील. मला उलटं दिसतं. लोक पेटतात ते त्यांच्या हातून वस्तू हिसकावली गेल्यावर. ज्याला हाताने उतरवून ठेवायला मिळालं तो जड मनाने का होईना पण पुढे चालू लागतो.

याचंही उदाहरण इथलंच आहे. लाइपझिगच्या दक्षिणेला कोळशाच्या उघड्या खाणी, त्यात होयर्सडॉर्फ नावाचं गाव गेलं. लोकांनी वर्षानुवर्षं कोर्टात लढून बघितलं, हरले. त्यांचं छोटंसं दगडी चर्च, सुमारे साडेसातशे वर्षांचं, एवढंसं की आमच्या गावच्या चॅपलची आठवण यावी, ते २००७ च्या ऑक्टोबरमध्ये अख्खंच्या अख्खं उचलून मोठ्या चाकांच्या गाडीवर ठेवून बारा किलोमीटरवर बोर्ना गावात नेलं. दोन नद्यांच्या पुलांवरून, मुंगीच्या पावलाने, आठवडाभर. ३१ ऑक्टोबरला, म्हणजे बरोबर धर्मसुधारणा दिनी, ते जागेवर पोचलं आणि लोक रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी उभे होते. मी दोनदा जाऊन आलेय. गाव गेलं याचं दुःख त्या लोकांचं संपलं असेल असं मी अजिबात म्हणत नाही, घर गेलं ते गेलंच. पण चर्च आपल्या डोळ्यासमोरून, आपण चालत सोबत जात, गेलं.

आणि जे चर्च हलवता येत नाही, नुसतं बंदच करायचंय, त्यासाठी पण इथे रीत आहे. जर्मनीत माणसं कमी झाल्यामुळे चर्च बंद होतात, मी एका गावात अशी शेवटची उपासना बघितलीय. नेहमीसारखी सुरुवात, गाणी, वाचन, उपदेश, प्रभुभोजन. शेवटी वेदीवरचं बायबल एकाने उचललं, प्याला-ताट दुसऱ्याने, क्रूस तिसऱ्याने, मेणबत्ती चौथ्याने, आणि सगळे ओळीने गात बाहेर आले, ऑर्गन आत वाजतच होता, मग तोही थांबला, ऑर्गनवाली बाई शेवटी एकटी जिना उतरून बाहेर आली आणि दाराला कुलूप लागलं. बाहेर अंगणात शेवटचं कडवं नुसत्या आवाजांवर. एक म्हातारे गृहस्थ किल्लीकडे बघत होते, त्यांचा बाप्तिस्मा, लग्न, बायकोची मयत सगळं तिथलं. रडले ना लोक, रडलेच. मग कॉफी झाली, केक झाला, एकमेकांना जुने फोटो दाखवले. रडण्याने कोणाचं काय वाईट झालं?

लाइपझिगचं नवीन चर्च २०१७ च्या डिसेंबरमध्ये उघडलं, नाताळाआधीच्या आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी उपासना. डच आर्किटेक्टने बांधलंय, अर्धं विद्यापीठाचं सभागृह अर्धं चर्च, मध्ये काचेची भिंत, त्यावरून पण किती वर्षं भांडणं झाली इथे. आतले काही खांब जमिनीपर्यंत येतच नाहीत, वरूनच लटकलेत, उजळलेले. शहरातल्याच थॉमस चर्चमध्ये सांभाळून ठेवलेली जुनी वेदी परत आणलीय, वाचवलेले फलक जोडून, दुरुस्त करून लावलेत. जुनं ते जुनंच, ते आलं नाही. पण एकोणपन्नास वर्षांनंतर तिथे जे लोक गात होते त्यांत १९६८ च्या त्या गुरुवारी तरुण असलेलेही असणार, आणि मी मागच्या बाकावर बसते तेव्हा पांढऱ्या केसांकडे बघून हाच विचार करते.

काकांना काल रात्री फोन केला. चांगले आहेत हो ते, मला लहानपणी नाताळच्या नाटकात त्यांनीच मेंढपाळ केलं होतं. मी म्हटलं, काका, मला भाषणं नकोत, मंडप नको, जेवण पण नको. एक संध्याकाळ द्या. पाळकसाहेबांनी प्रार्थना करावी, आपण पाच गाणी म्हणू, मग बायबल, प्याला, क्रूस घेऊन सगळे बाहेर येऊ, सगळ्यात म्हाताऱ्या माणसाच्या हातून दार लावू. मग दुसऱ्या दिवशी आणा जेसीबी. बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, दार माझ्या थोरल्या बहिणीने लावावं, ती ब्याण्णवची आहे. आणि पंचांसमोर विषय ठेवतो म्हणाले.

म्हणून ही पोस्ट. आईने चॅपलमधली पेटी दुरुस्तीला दिलीय, भाता फाटलाय आणि दोन पट्ट्या वाजत नाहीत, तिला वेळेत मिळेल असं वाटतंय. ज्यांच्या घरी जुन्या 'उपासना संगीत' या गीतपुस्तकाच्या प्रती असतील, त्या मोठ्या अक्षराच्या, त्यांनी आणा, म्हाताऱ्यांना मोबाईलवर दिसत नाही. तबला कोण वाजवणार ते अजून ठरलं नाही. आणि तुमच्या घरच्यांच्या लग्नात किंवा मयतीत त्या चॅपलमध्ये कोणतं गाणं म्हटलं होतं ते आठवत असेल तर खाली लिहा, मला त्यातूनच पाच निवडायचीयेत.